बिनमिठाची भाकर

सगुणा,

तुझी पेटी बंद करण्याआधी शांतवन मास्तरांनी तुझ्या लुगड्याच्या निऱ्या सारख्या केल्या. थंडीचा वारा होता, पदराचं टोक उडत होतं, तेही त्यांनी दोन बोटांनी खाली दाबलं. मग टोपी काढून प्रार्थना केली. आमची ही बहीण शुभ्र वस्त्र नेसून प्रभूच्या मेजाशी बसायला निघाली आहे, असं म्हणाले. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मी म्हटलं नाही. मी दात आवळून उभा होतो, आणि तुझ्यापासून काय लपवायचं, मला हसू येत होतं.

कारण ते लुगडं कोणतं हे मला ठाऊक होतं आणि तुझ्या भावजयीला, पार्वताला. ज्या लुगड्यापायी या माणसानं तुला चौदा महिने प्रभुभोजनाला मुकवलं, तेच तुझ्या अंगावर होतं. त्याच्याच निऱ्या तो सारख्या करत होता.

तिथंच, मातीची पहिली मूठ टाकताना, मी ठरवलं. पुढच्या महिन्यात तयारीची सभा होईल, सगळी मंडळी बसलेली असेल, तेव्हा उभं राहायचं आणि मास्तरांना हे सांगायचं. त्यांच्या तोंडावर, त्यांच्या बायकोपुढे, त्यांनी शिकवलेल्या पोरांपुढे. तीन आठवडे मी याच्यावर जगलो. शेजारीपाजारी म्हणत, यादवराव दुःखानं वाळत चालले. मी वाळत नव्हतो. मी धार लावत होतो.

आपली ख्रिस्ती मंडळी ती केवढी! हिंगणघाटात सगळी मिळून चाळीस घरंही नाहीत. पाद्रीसाहेब वर्ध्याहून महिन्याच्या पहिल्या शनिवारी येतात, रविवारी प्रभुभोजन देतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जातात. बाकीचे दिवस सगळा कारभार पाच पंचांच्या हातात, आणि पाच पंच शांतवन मास्तरांच्या हातात. निम्म्या मंडळीला त्यांनीच अक्षरओळख करून दिली. मलाही. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर झालो तरी त्यांच्यापुढे माझा हात आपोआप पाठीमागे जायचा, छडी चुकवायला.

तुला छडीची भीती नव्हती. तू त्यांच्या शाळेत गेलीच नव्हतीस. तू वाचायला शिकलीस ती लग्नानंतर, माझ्याकडून, चुलीपाशी बसून. आणि मग मलाच उलटे प्रश्न विचारायला लागलीस.

ते लुगडं आपल्या लग्नातलं. पांढरं, बिनकाठाचं. लग्नानंतर तू ते फक्त प्रभुभोजनाच्या रविवारी नेसायचीस. एरवी ते निंबाचा पाला घालून पेटीत. एकदा बाकाच्या खिळ्याला अडकून टाचेजवळ फाटलं, तर तू जाड दोऱ्यानं रफू केलंस. रफू कसलं, गोणपाट शिवावं तसं केलंस. मी चिडवलं तर म्हणालीस, "प्रभू काय टाचा पाहून राह्यला का?"

मग तो दसरा आला. गावोगावची आपली माणसं दीक्षा घ्यायला नागपूरला निघाली. तुझा भाऊ दौलत त्याच्या गावची पंधरा-वीस माणसं घेऊन चालत आला आणि आपल्या अंगणात उतरला. माझ्या बापानं ख्रिस्ती होताना त्या गावाशी, त्या नात्याशी जी फारकत घेतली ती मी तशीच चालवली होती. पण तू अंगणात चूल मांडलीस, भाकरी थापल्यास, झुणका केलास, आणि पोरीबाळींच्या पायांना गरम पाणी दिलंस. दीक्षेसाठी सगळ्या बायका पांढऱ्यात होत्या. एक पार्वता तेवढी हिरव्या लुगड्यात, कोपऱ्यात बसलेली. तिनं उसनं मागून ठेवलेलं पांढरं पातळ ऐन वेळी धनिणीनं परत नेलं होतं. तू आत गेलीस. पेटीचा आवाज आला. बाहेर आलीस ती ते लुगडं हातावर घेऊन.

"नेस," म्हणालीस. "रफू आत जाईन अशी नेसजो."

मी दारात उभा होतो. मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं असं नाही, पण तुला कौतुकाचा एक शब्द तर द्यायचा होता. तोही दिला नाही.

सकाळी ती माणसं निघाली तेव्हा मास्तरीणबाई पाणी भरायला निघाल्या होत्या. त्यांनी पार्वताला पाहिलं. नंतरच्या प्रभुभोजनाला तू निळ्या चौकड्यांचं लुगडं नेसून आलीस तेव्हा मास्तरीणबाईंनी विचारलं, पांढरं कुठं गेलं. तू सरळ सांगून टाकलंस. लपवायची कला तुला कधी आलीच नाही.

पंचांची सभा बसली. तुला पुढे बोलावलं. मास्तर म्हणाले, प्रभूच्या मेजाचं वस्त्र दुसऱ्या धर्माच्या दीक्षेला दिलंस, हा विश्वासाचा त्याग आहे. रविवारी मंडळीपुढे उभी राहून चुकले म्हण, आम्ही विसरून जाऊ.

"लुगडं देलं," तू म्हणालीस. "भावजयीले देलं. तिच्याजवळ नव्हतं म्हून देलं. यात चुकलं कोनतं ते मले दाखवा, मंग मी म्हनतो."

मास्तर म्हणाले, "विश्वास पहिला, सगुणाबाई. विश्वास सुटला की प्रीती म्हणजे नुसती माया. माया तर गाईलाही असते."

"गाईले कमी नका समजू," तू म्हणालीस.

एक पंच हसला. ते हसणं मास्तरांच्या जिव्हारी लागलं असावं. चुकले म्हणेपर्यंत तुला प्रभुभोजन नाही, असा निर्णय त्यांनी तिथंच सांगून टाकला.

या माणसाला मी माफ करू? तू केलंस की नाही मला नक्की माहीत नाही. पण तू गेलीस आणि तुझ्या मागे लोक मला म्हणायला लागले, सगुणाबाईंनी सगळ्यांना क्षमा केली, तुम्हीही करा. मेलेल्या माणसाची क्षमा वाटायला लोक किती उदार असतात! मला तुझा राग येतो, सगुणा. तू भांडली असतीस, शिव्या दिल्या असत्यास, तर आज माझा सूड एकट्याचा नसता. तू मला यात एकटं सोडलंस.

आणि भाकर! त्या भाकरीवरून तर आपलं भांडण कधी संपलंच नाही.

प्रभुभोजनाची भाकर आपल्या घरून जायची, माझ्या आईच्या वेळेपासून. भाकर म्हणायची, असायची गव्हाची पातळ पोळी. शनिवारी दुपारी तू पीठ दोनदा चाळायचीस. मीठ नाही, तेल नाही, खमीर नाही. तव्यावर फुगू द्यायची नाही, कारण फुगली की पापुद्रे सुटतात आणि लोकांच्या हातात भुगा येतो. म्हणून फडक्याच्या बोळ्यानं तू ती सारखी दाबत राहायचीस. मग सुरीनं नखाएवढे चौकोन. भिजवलेल्या मनुका कुस्करून, फडक्यातून गाळून रस. कडेच्या उरलेल्या कातरणी तू तिथंच उभ्या उभ्या खायचीस, आणि म्हणायचीस, "पाद्रीसाहेबाच्या आधी माहा नंबर."

तुला बंदी झाल्यावर पहिल्या महिन्यात भाकर मास्तरीणबाईंनी केली. ती अशी झाली की म्हातारी माणसं दाढेखाली धरून घरापर्यंत गेली. लगेच पुढच्या सभेत मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले, भाकर यादवच्या घरूनच येऊ द्या. मी घरी येऊन तुला सांगितलं. मला वाटलं, तू तवा फेकशील. फेकावास अशी माझी इच्छा होती. तू सूप घेतलंस आणि गहू निवडायला बसलीस.

"काऊन करून राह्यली तू हे?" मी ओरडलो. "ज्या ताटाले तुले हात लावू देत नाई, त्या ताटात तुह्या हातची भाकर?"

"मंग काय म्हाताऱ्याइचे दात पाडाचे?"

"हसून राह्यली?"

"रडून केली तं खारट होईन. बिनमिठाची पायजे ना?"

तेरा वेळा तू ती भाकर केलीस. आणि त्या तेरा वेळा कातरणीचा एक तुकडासुद्धा तोंडात घातला नाहीस. कोंबड्यांना टाकल्यास. मी म्हटलं, इथं कोण बघतंय, खा. तू म्हणालीस, "बंदी म्हनजे बंदी. चोरून खाल्ली तं मास्तर खरे ठरतीन." रविवारी तू दाराजवळच्या शेवटच्या सतरंजीवर बसायचीस. ताट तुझ्या पुढच्या रांगेपर्यंत यायचं आणि परत फिरायचं. घरी जाताना वाटेत तू मला दर वेळी एकच विचारायचीस.

"भाकर कशी झालती?"

आणि मी दर वेळी म्हणायचो, "चाल मुकाट्यानं."

एकदा, मला वाटतं पाचव्या की सहाव्या शनिवारी, तू कणीक मळत होतीस आणि मी तुझ्यासमोर बसून तुला छळत होतो. मास्तर म्हणतात ते काही खोटं नाही, मी म्हणालो. विश्वास, आशा, प्रीती, या तिघांत विश्वास पहिला. पायाच नाही तर घर कशावर उभं करणार?

तू कणीक मळायची थांबली नाहीस. "पाया पहिला, पन पायात कोनी राहाले जाते का?" म्हणालीस. "डोयानं पाह्यलं नाई ते धरून ठेवाचं, हा विश्वास. हातात आलं नाई त्याची वाट पाहाची, हे आशा. तिथं वर गेल्यावर पाह्यलंच, हातात आलंच. दोघाइचंबी काम सरलं. प्रीतीचं काम तिथंबी हाय अन् इथंबी. म्हून ते मोठी."

"आणि ज्याच्यावर प्रीती होतच नाही, त्याचं काय करायचं?" मी विचारलं. मी नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती.

आता मात्र तुझे हात थांबले.

"माहीबी होत नाई," म्हणालीस. "शांतवन मास्तराचं तोंड पाह्यलं का अजून मस्तकात तिडीक जाते. तं मंग ज्याच्यावर प्रीती होत नाई त्याच्यावर निदान आशा ठेवाची. विश्वास देवावर, आशा त्या मानसावर. प्रीती मागून येते. आली तं आली."

"आणि नाहीच आली तर?"

"भाकर तं खातात ना माह्या हातची? एखाद्या दिवशी कोनाच्या तरी घशात अडकंन."

असं म्हणून तू अशी काही हसलीस की मला वाटलं, ही बाई माझ्यापेक्षा जास्त सूड घेणारी आहे, फक्त हिला घाई नाही. त्या हसण्यासाठी मी तुझा जन्मभर ऋणी आहे. बाकी तुझं म्हणणं मला तेव्हा पटलं नाही. आजही सगळं पटलेलं नाही.

तुझ्या तापाच्या सातव्या दिवशी मास्तर आले. मी त्यांना अंगणातच थांबवलं. म्हणालो, ती झोपली आहे. तू झोपली नव्हतीस.

"कोन हाय?" मी आत येऊन बसलो तशी तू विचारलंस.

"कोनी नाई."

"खोकला मास्तराचा हाय. त्याइले आत घ्या. बाहेर थंडी हाय."

मी उठलो नाही. मास्तर निंबाखाली बराच वेळ उभे राहिले, खोकत. मग त्यांची काठी वाजत दूर गेली. तू माझ्याकडे पाहिलंस. ताप होता तरी नजर स्वच्छ होती.

"आता तुमी पक्के पंच झाले," म्हणालीस. "मानूस दारातच अडवता."

त्यानंतर तू दोन दिवस होतीस, पण माझ्याशी बोललीस ती पाण्यापुरती. म्हणजे आपलं शेवटचं बोलणं हेच धरायचं. तू मला माझ्या वैऱ्याच्या रांगेत बसवून गेलीस.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी तू गेलीस. निरोप मिळताच दौलत आणि पार्वता आले. पार्वताच्या काखेत एक गाठोडं होतं. तिनं ते माझ्यापुढे सोडलं. धुऊन, नीळ देऊन, घडी घातलेलं लुगडं.

"त्या दिसानंतर मी नेसली नाई, दाजी," ती म्हणाली. "बाईले वापस द्याचं होतं, पन तुमच्या लोकाइत अजून तमाशा होईन म्हून भेलो. आता हे त्याइले नेसवलं तं चालंन का?"

"चालंन," मी म्हणालो.

ती रडत होती. तिनं ते प्रीतीनं आणलं होतं. मी हो म्हणालो ते मात्र प्रीतीनं नाही. माझ्या डोळ्यांपुढे मास्तरांचं तोंड होतं. तुझ्या शेवटच्या वस्त्रालासुद्धा मी माझ्या कामाला लावलं, सगुणा, हे तुला कोणी सांगण्याआधी मीच सांगतो.

काल शनिवारी तयारीची सभा झाली. रीत तुला माहीतच आहे. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी पाद्रीसाहेब विचारतात, कोणाच्या मनात कोणाविषयी काही आहे का. असेल तर आजच बोला, मनात ठेवून उद्या भाकरीला हात लावू नका. एरवी कोणी काही बोलत नाही. फार तर कोंबडीवरून, नाही तर बांधावरून एखादी कुरबूर निघते आणि दोघी बायका गळ्यात पडून मोकळ्या होतात.

मी उभा राहिलो. म्हणालो, माझ्या मनात शांतवन मास्तरांविषयी आहे. आणि मग सगळं सांगितलं. ज्या लुगड्यासाठी तुम्ही माझ्या बायकोला पंगतीतून उठवलं, तेच नेसून ती मातीत गेली. ज्याच्यापायी विश्वासाचा त्याग झाला म्हणालात, त्याच्या निऱ्या तुम्ही तुमच्या हातानं सारख्या केल्यात. ज्याला तुम्ही शुभ्र वस्त्र म्हणालात ते नागपूरला दीक्षेला जाऊन आलेलं होतं. टाचेजवळच्या रफूवर तुमची बोटं फिरली, मास्तर. आता एक करा. ती प्रार्थना परत घ्या, नाही तर तो निर्णय परत घ्या. दोन्ही एका तोंडातून निघालेलं चालणार नाही.

मास्तरांचं तोंड पांढरंफटक पडलं. तीन आठवडे मी ज्याची वाट पाहिली होती ते हेच तोंड, आणि ते मी डोळे भरून पाहून घेतलं. मला फार बरं वाटलं. हेही तुला सांगायलाच हवं.

तेवढ्यात बायकांतून मास्तरीणबाई बोलल्या. "मले मालूम होतं," म्हणाल्या. "अंघोळ घालून नेसवलं तं मीच. रफू पाह्यलं अन् वयखलं."

मास्तर बायकोकडे वळले. "मग बोलली का नाहीस?"

"तुमी तिले उठवलं त्याच्या आधी बोलली होती," त्या म्हणाल्या. "मीच बोलली होती, पांढरं कुठं गेलं म्हून. तवाचं बोलनं पुरलं मले."

मास्तर खाली बसले. खालमानेनंच त्यांनी विचारलं, "यादव, त्या दिवशी सभेत मी म्हटलं होतं, ज्याला हा निर्णय मान्य नाही त्यानं हात वर करावा. तेव्हा तू कुठं होतास?"

सगुणा, हा प्रश्न तू मला चौदा महिन्यांत एकदाही विचारला नाहीस. मी पाचवा पंच होतो. तू माझ्यापुढे दोन हातांवर उभी होतीस आणि माझा हात माझ्या मांडीवर होता. मी स्वतःला सांगत आलो की विश्वास पहिला म्हणून मी गप्प राहिलो. खोटं आहे ते. मी भ्यालो. गाव माझ्या बापानं सोडलेलं, नातं मी तोडलेलं. ही चाळीस घरंही गेली तर आपल्या मातीला खांदा कोण देणार, असं माझ्या मनात आलं. म्हणून हात वर गेला नाही. आणि मग चौदा महिने मी मास्तरांचा द्वेष केला, कारण मास्तरांचा द्वेष करणं सोपं होतं.

"तिथंच होतो," मी म्हणालो. "तुमच्या उजव्या हाताला."

पाद्रीसाहेब घाईनं उठले. म्हणाले, दोघंही चुकलो म्हणा आणि हात मिळवा, विषय इथंच संपेल. मास्तर उठायला लागले. म्हणणार होते ते. मला दिसत होतं.

"नाही," मी म्हणालो. "म्हणून संपणार नाही. ती चौदा महिने बसली. आम्हीही चौदा महिने बसू. दोघंही. शेवटच्या सतरंजीवर."

"सूड घेणं माणसाचं काम नाही, यादवराव," पाद्रीसाहेब म्हणाले.

"मग पंगतीतून उठवणं कोणाचं काम होतं?"

मास्तरांनी मान हलवली. "बसतो," म्हणाले. "तो म्हनते ते बरोबर हाय." शाळेतली शुद्ध भाषा सोडून बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

सभा संपल्यावर पाद्रीसाहेबांनी चाचरत विचारलं, उद्याच्या भाकरीचं काय. मी म्हणालो, भाकर यादवच्या घरूनच येईल.

घरी येऊन मी पीठ चाळलं. दोनदा. तुला हे पाहून हसू आलं असतं. पहिली पोळी करपली, दुसरी टम्म फुगली, तिसरीला मी बोळ्याऐवजी तळहातच लावला आणि चटका बसला. सातवी जरा जमल्यासारखी वाटली. कातरणी कोंबड्यांना टाकल्या. एक तुकडा हातात घेऊन उभा राहिलो होतो, चव बघावी म्हणून. मग तुझं आठवलं आणि तोही टाकला.

आज रविवार. आत्ताच देवळातून आलो आणि लिहायला बसलो. मी बायकांच्या बाजूला गेलो, नेमका तुझ्या जागी, दाराजवळ. कोणी अडवलं नाही. मास्तर येऊन माझ्या शेजारी बसले. त्यांच्या गुडघ्यांतून मांडी वळत नाही, तरी बसले. मी त्यांच्याशी बोललो नाही. मी त्यांना माफ केलेलं नाही, सगुणा. प्रीती तर नाहीच नाही. मागून येणार असेल तर अजून बरीच मागे आहे. विश्वासाचं मला आज काही विचारू नकोस. राहता राहिली ती तू सांगितलेली आशा. या खोकणाऱ्या म्हाताऱ्यावर ती ठेवून पाहतो आहे. फार जड जातं. दाराच्या फटीतून वारा येत होता तेव्हा मी सरकून त्यांना आतली जागा दिली. तेवढंच झालं माझ्याच्यानं.

तुझ्या जागेवरून काय दिसतं, हे मला इतके दिवस माहीतच नव्हतं. पाठी दिसतात. खाली वाकलेल्या, भाकर चावणाऱ्या पाठी. आणि सगळ्यांच्या वरून, अगदी सरळ समोर, पंचांचं बाक दिसतं. माझी जागा आज रिकामी होती म्हणून माझी नजर तिच्यावरच गेली. म्हणजे ताट परत फिरल्यावर तुला तिथून माझीच पाठ दिसायची. तुझ्या हातची भाकर खाणारी माझी पाठ, दर महिन्याला.

ताट आमच्या पुढच्या रांगेपर्यंत आलं आणि परत फिरलं. उपासना सुटली. लोक बाहेर पडले, पाऊसपाण्याचं, कापसाचं बोलत घराकडे निघाले. मला कोणाचा तरी हात धरून विचारायचं होतं, भाकर कशी झालती? फार विचारावंसं वाटलं. मी केली होती आणि मला तिची चव माहीत नव्हती. पण वाटेनं माझ्याबरोबर कोणी नव्हतं.

तुझी चांगली व्हायची, सगुणा. तेराही वेळा चांगली झालती. मऊ होती, आणि मीठ नव्हतं.